आदर्श घराचा हौद

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आशा आरोग्यसेविका दैवशालानं रामहरी आप्पांच्या हौदाचं झाकण सरकवलं, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाली, "आप्पा, अळ्या हायत की ओ."

आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाच्या हौदात?"

"तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या हौदावर वाकलीय म्या आत्ता?"

एवढं बोलून ती थांबली असती तरी आप्पांनी तिला माफ केलं असतं. पण तिनं पिशवीतनं गेरूचा डबा काढला, ब्रश बुचकळला आणि पंधरा दिवसांपूर्वी रंग दिलेल्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर वीतभर अक्षरात तारीख घातली. त्याखाली लिहिलं, 'हौद, अळ्या आढळल्या.' भिंत बारा फूट लांब होती. लिहायला सगळी भिंत मोकळी होती. पण दैवशालानं जागा निवडली ती नेमकी आप्पांनी रविवारी ठोकलेल्या दोन स्क्रूंच्या खाली. आता ते दोन स्क्रू आणि ते लाल लिखाण मिळून आप्पांच्या घराची नवी पाटीच तयार झाली होती.

स्क्रू होते ते दुसऱ्याच पाटीसाठी. लोहाऱ्याहून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या करंजसूर गावात येत्या शनिवारी तालुक्याचं पथक येणार होतं आणि प्रत्येक गल्लीतल्या एका घरावर 'आदर्श घर' अशी निळी पत्र्याची पाटी लावणार होतं. पाटीवर खाली घरमालकाच्या नावासाठी जागा कोरी सोडलेली होती. मारुती गल्लीच्या यादीत पहिलं नाव रामहरी बिराजदार यांचं होतं. यादी आप्पांनीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती, पण तो भाग वेगळा.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते, छत्तीस वर्षं. ह्या छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून हजारो पाट्या गेल्या. उमरगा, मुरुम, तेर, लातूर, सोलापूर, विना थांबा, जादा गाडी. ज्या गावी ते कधी गेले नाहीत त्या गावांच्या पाट्या त्यांनी पुसल्या, लावल्या, ड्रायव्हरशी भांडून सरळ केल्या. एकाही पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी मिळाला तो नारळ, आणि नारळावर नाव घालता येत नाही. त्यामुळं ही पाटी त्यांना हवी होती, मनापासून हवी होती, आणि ह्यात लाजण्यासारखं काय आहे हे त्यांना कळत नव्हतं.

"हे पूस आधी," आप्पा म्हणाले.

"शुक्रवारी पुसते. तवर हौद मोकळा करा, आतनं घासा, पावडर मारून चांगला कोरडा करा. आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळायचा असतो, आप्पा. म्या मागच्या महिन्यात कागद दिलता तुमाला."

कोरडा दिवस. आप्पांना हसावं की रडावं कळेना. ज्या गावात नळाला पाणी फक्त शुक्रवारी येतं, तिथं एक दिवस कोरडा पाळा म्हणून कागद वाटतात. बाकीचे सहा दिवस काय भिजून असतात का? हा प्रश्न त्यांनी दैवशालाला विचारलासुद्धा, पण ती तोवर शेजारच्या घरी गेली होती.

आतून आप्पांच्या पत्नी राजेश्वरीकाकू आल्या. त्यांनी भिंत वाचली, एकदा हौदाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दिवाळीपासनं सांगतीया."

"नवं पाणी आलं की जुनं आपोआप साफ होतं."

"व्हय. दिसतंय की भिंतीवर."

खरं तर हौद बांधल्यापासून अकरा वर्षांत एकदाही पूर्ण मोकळा झाला नव्हता, आणि ह्यात आप्पांचा आळस नव्हता. मोकळा करायचा म्हणजे पाणी फेकायचं, आणि करंजसुरात पाणी फेकणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. इथं तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला जातं आणि हात धुतलेलं पाणी जास्वंदीला. आत्ता हौद निम्मा भरलेला होता. तेवढं पाणी गटारात सोडायला आप्पा तयार नव्हते.

दुपारपर्यंत भिंत वाचायला येणाऱ्यांची रीघ लागली. समोरचे कल्याणप्पा सगळ्यात आधी आले. कल्याणप्पांचं मूळ गाव कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूला, उमेदीची वर्षं साखर कारखान्यावर गेलेली, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे.

"तुरटी फिरवा की ओ. तुरटीनं खाली बसतं सगळं."

"अळ्या खाली बसून काय करतील? विश्रांती?"

"मग गप्पी मासे सोडा. आमच्या अक्कानं सोडलते."

"माझ्या पिण्याच्या पाण्यात मासे नकोत. आम्ही माळकरी."

"मासे खावा म्हणलो का मी? मासे अळ्या खातात. तुम्ही पाणी पिता. ह्यात माळेचा काय संबंध?"

शेजारचा बलभीम म्हणाला की आधी ग्रामपंचायतीतून पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणा, बाकीचं नंतर बोलू. बलभीम पूर्वी विहिरी खोदायच्या कामावर होता, त्यामुळं खोलीच्या बाबतीत त्याचा शब्द गल्लीत मानला जाई.

बुधवारी सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की पावडर सार्वजनिक विहिरीसाठी असते, खाजगी हौदासाठी अर्ज करावा लागतो. आप्पांनी उभ्या उभ्या अर्ज लिहिला. कारण, हौदाची नियमित स्वच्छता.

"असं चालत न्हाई," कारकून म्हणाला. "अळ्या आढळल्या असं ल्ह्या. तर पावडर देता येती."

"अळ्या नाहीत माझ्या हौदात."

"मग पावडर कशाला पायजे?"

आप्पांनी छत्तीस वर्षं नियम सांगितले होते, ऐकले कधीच नव्हते. त्यांनी कागद परत घेतला आणि लिहिलं, 'सदर हौदात अळ्या असल्याचा आरोप आहे.' कारकुनानं ते वाचून मान हलवली. आरोपाला पावडर मिळत नव्हती. मग 'अळ्यांसारखे काही दिसल्याचे सांगण्यात येते' असं लिहून झालं. तेही परत आलं. शेवटी आप्पांनी दात आवळून 'अळ्या आढळल्या' असं लिहिलं, सही ठोकली आणि पावडरीची पुडी घेतली. कारकुनानं अर्जावर शिक्का मारला आणि तो चार टाचण्या लावून बाहेरच्या फलकावर डकवला, कारण आलेला प्रत्येक अर्ज फलकावर लावायचा असा ठराव होता. ठराव मागच्या ग्रामसभेत मांडला होता रामहरी आप्पांनीच.

घरी येताना सायकलवरच्या एका माणसानं त्यांना थांबवून विचारलं, "आप्पा, लई अळ्या हायत का?"

रस्त्यातच त्यांना तोडगा सुचला. पाणी फेकायचं नाही, वाटायचं. उरलेलं सगळं पाणी गाळून गल्लीत द्यायचं. हौद मोकळा होईल, पाणी वाया जाणार नाही, आणि आपल्याबद्दल जे काही बोललं जातंय त्याला दानानं उत्तर मिळेल. विचार इतका चांगला होता की आप्पांना स्वतःचाच अभिमान वाटला.

"अहो, अळ्यांचं पाणी लोकांना?" राजेश्वरीकाकू म्हणाल्या.

"गाळून, राजेश्वरी. चौघडी कापडातून गाळून."

त्यांनी काकूंच्या जुन्या नऊवारीचा तुकडा चार घड्या करून पाईपच्या तोंडाला बांधला, मोटार लावली आणि गल्लीत आवाज दिला. शुक्रवार अजून दोन दिवस लांब होता, त्यामुळं घागरी, बादल्या, ड्रम, रांजण घेऊन सगळी मारुती गल्ली जमली. घरातली भांडी आप्पांनी कापड बांधायच्या आधीच भरून घेतली होती. मग त्यांनी रांग लावली. रांग लावणं त्यांच्या हाडात होतं. एक एक नाव पुकारून ते माणूस पुढं घेत होते आणि मागच्याला मागंच थांबवत होते. पण चौघडी कापडातून पाणी येत होतं करंगळीएवढं. पहिल्या घागरीला सहा मिनिटं लागली. रांगेत कुरकुर सुरू झाली, आणि रांगेतली कुरकुर आप्पांना आयुष्यभर सहन झाली नाही. गाडी लेट झाली की दोष कंट्रोलरला येतो. त्यांनी कापडाची एक घडी सोडली. मग दुसरी सोडली. सिताबाईचा रांजण भरत असताना उरलेल्या कापडाचं एक टोक सुटून लोंबत होतं, आणि कल्याणप्पांचा ड्रम आला तेव्हा कापड आप्पांच्या खांद्यावर होतं आणि पाणी धो धो चाललं होतं. सगळे खूष होते. वेळेवर काम झालं होतं.

सगळ्यात शेवटी आला धोंडीबा. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, बायको कडूबाई आणि बारा मेंढरं, एवढा त्याचा संसार. त्याच्याकडं हौद नव्हता, टाकीही नव्हती. हातात एक जुनी तांब्याची घागर होती, ठिकठिकाणी चेपलेली.

आप्पांनी पाईप बाजूला धरला. "भांडं घासलंय का, धोंडीबा?"

"घासलंय की."

"आतून काळं दिसतंय."

"काळं न्हाई, आप्पा. जुनं हाय."

"हे बघ, पाणी शुद्ध दिलं आणि भांडं असं असलं तर सगळं वाया. स्वच्छतेचं नाव खराब होतं. घासून आण, मी आहे इथंच."

धोंडीबानं घागरीत बघितलं, आप्पांकडं बघितलं आणि निघून गेला. तो परत आला नाही. आप्पांनी अर्धा तास वाट पाहिली आणि मग लोकांना स्वच्छतेचं महत्त्व पटत नाही याबद्दल कल्याणप्पांना थोडं ऐकवलं.

गुरुवारी हौदात उतरायचं ठरलं. बलभीमनं पहाटेपासून झाकण उघडं ठेवायला लावलं, आप्पांच्या कमरेला दोर बांधला आणि दोराचं टोक स्वतःच्या हातात ठेवलं. "बंद जागंत एकट्यानं उतरायचं न्हाई," तो म्हणाला. "आन् आत गेल्यावर बोलत ऱ्हायचं. आवाज थांबला की म्या ओढणार." बोलत राहायला आप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते बनियन आणि अर्ध्या चड्डीवर खाली उतरले आणि तिथून सूचना देऊ लागले. हौदात त्यांचा आवाज घुमून थेट स्टँडवरच्या कर्ण्यासारखा येत होता. गल्लीतली माणसं ऐकायला जमली.

खाली चार बोटं गाळ होता. त्या गाळात एक स्टीलचा पेला, एक चेंडू आणि आप्पांची ड्यूटीची शिट्टी निघाली. ही शिट्टी सहा वर्षांपूर्वी हरवली होती, आणि ती कल्याणप्पांच्या नातवानं उचलली अशा खात्रीनं आप्पांनी दोन वर्षं कल्याणप्पांशी बोलणं टाकलं होतं. वरून कल्याणप्पा वाकून बघत होते.

"काय घावलं ओ?"

"गाळ," आप्पा म्हणाले आणि शिट्टी चड्डीच्या खिशात टाकली.

तीन तास त्यांनी हौद घासला. खरंच घासला, त्याबद्दल त्यांच्या शत्रूनंही काही बोलू नये. भिंती, तळ, कोपरे, पाईपचं तोंड, झाकणाची आतली बाजू. सगळा गाळ बादलीनं वर दिला, पावडरीचं पाणी फिरवलं, फडक्यानं टिपून घेतलं. मग वर यायला निघाले. उतरताना हौदाच्या तोंडातून त्यांचं पोट श्वास सोडून गेलं होतं. वर येताना श्वासच उरला नव्हता. ते छातीपर्यंत वर आले आणि तिथं अडकले. खाली जाईना, वर येईना. बलभीमनं दोर ओढला तसा दोर पोटात रुतला आणि आप्पांचा आवाजही बसला. अशा वेळी मदत मागायची तरी कशी? त्यांनी खाली अडकलेला एक हात कसाबसा खिशात घातला, तो अंगाला घासत वर ओढला, शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली.

कल्याणप्पा धावत आले आणि शिट्टी बघून जागच्या जागी थांबले.

"ही तीच का ओ?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली. मग कल्याणप्पांनी आणि बलभीमनं मिळून आप्पांना काखेत हात घालून उपसून काढलं. ओढताना कल्याणप्पांनी गरजेपेक्षा जास्त जोर लावला असं आप्पांचं आजही मत आहे.

शुक्रवार उजाडला. नळ आला नाही. रस्त्याच्या कामात मोठा पाईप फुटला होता आणि आता पाणी सोमवारी येणार होतं. पण आप्पांना त्याचं काही वाटलं नाही, कारण दैवशाला आली. तिनं हौदात बॅटरी मारली. तळ लख्ख दिसत होता.

"आप्पा, असला हौद म्या पाच वर्षांत बगितला न्हाई," ती म्हणाली, आणि तिनं ओल्या फडक्यानं भिंतीवरचा गेरू पुसला. भिंतीवर एक फिकट गुलाबी डाग राहिला, पण अक्षर वाचता येत नव्हतं. आप्पांना भरून आलं. त्यांनी राजेश्वरीकाकूंना हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

चहा उकळेपर्यंत दैवशाला समोर कल्याणप्पांकडं गेली. तिथून तिचा आवाज आला. "अण्णा, ड्रममदी अळ्या हायत." कल्याणप्पा म्हणाले, "ते रामहरीनं दिलेलं पाणी आहे." मग ती बलभीमकडं गेली. टाकीत अळ्या. आप्पांनी दिलेलं पाणी. सिताबाईच्या रांजणात तर अळ्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की दिसायला बॅटरी लागली नाही. बुधवारी ज्या कुणाला दिसल्या नव्हत्या त्या दोन दिवसांत वाढून सगळ्यांना दिसल्या. एका हौदात होत्या त्या सहा घरांत गेल्या होत्या, रांगेनं, वेळेवर, एकही घर न चुकता. सहा भिंतींवर गेरू लागला.

मग ती परत आली. "आप्पा, घरातली भांडी बगायची ऱ्हायली." स्वयंपाकघरात दोन ड्रम, पितळी हंडा आणि पिंप होतं. चारही भरलेली, चारहीत अळ्या. दैवशालानं डबा उघडला आणि त्याच गुलाबी डागावर नवीन तारीख घातली. ह्या वेळी लिखाण जास्त लांब गेलं, कारण भांडी चार होती.

"तू मुद्दाम करतीस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमच्या हौदाचं नाव काडलं का म्या? हौद एक नंबर हाय. पाणी फेकायचं हुतं, तुमी वाटलं."

ती हे रागानं बोलली नाही, आणि त्यामुळंच आप्पांना ते जास्त लागलं. तिनं सगळ्या गल्लीला पाणी झाडांना ओतायला लावलं. मारुती गल्लीतली माणसं आपापल्या दारात घागरी पालथ्या करत होती आणि प्रत्येक घागरीगणिक आप्पांच्या ओट्याकडं बघत होती. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर आप्पांना उलट बोलता तरी आलं असतं.

शनिवारी पथक आलं. दैवशालाच्या वहीत सात घरं लाल होती आणि एक कोरं, धोंडीबाचं. धोंडीबा आणि कडूबाई रोज सकाळी मेंढरांमागं जाताना रानातल्या विहिरीवरून दोन घागरी आणत, रात्री उरलेलं पाणी मेंढरांना पाजत आणि घागरी राखेनं घासून पालथ्या घालत. त्यांच्या घरात शिळं पाणी राहायचा प्रश्नच नव्हता. अळ्यांना राहायला धोंडीबाच्या घरात जागा नव्हती.

पथकातल्या माणसाकडं पाटी होती, पण स्क्रू नव्हते. त्यानं विचारल्यावर सगळ्या गल्लीनं एकदम आप्पांच्या भिंतीकडं बघितलं. आप्पांनी पान्हे-पेचकसाची पेटी काढली, स्वतःच्या भिंतीतले दोन स्क्रू काढले आणि गल्लीच्या टोकाला गेले. बलभीमनं पाटी धरली. ती डावीकडं झुकत होती, आणि झुकलेली पाटी आप्पांना बघवत नाही. त्यांनी ती तीनदा काढून सरळ लावली. मग पांढऱ्या रंगाची डबी उघडली. ही डबीही त्यांनीच आणून ठेवली होती, दुसऱ्या नावासाठी.

"धोंडीबा, तुझं पूर्ण नाव काय?"

"धोंडीबा सिदू वाघमोडे." मग तो म्हणाला, "आजवर कुणी इचारलं न्हवतं."

आप्पांनी नाव लिहिलं. छत्तीस वर्षांनंतरही त्यांच्या हातातली पाटी दुसऱ्याचीच होती. अक्षर मात्र झकास आलं होतं, आणि आप्पांना त्याचाच जास्त राग आला.

कडूबाईनं पाण्याचा तांब्या दिला. गार, गोड पाणी होतं. आप्पा एका दमात प्यायले. घरात कालपासून प्यायला थेंब नव्हता आणि सोमवार दोन दिवस लांब होता.

"आप्पा, तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणं," धोंडीबा म्हणाला. "घागर आणा. म्या आत्ताच आणलंय, देतो भरून."

आप्पा घरी गेले आणि घागर घेऊन आले. ती स्टीलची होती, नवी, बाहेरून चकचकीत. धोंडीबानं ती घेतली, उन्हाकडं तोंड करून तिरपी धरली आणि एक डोळा मिटून आत बघितलं. मग हात घालून बोटं आतून फिरवली आणि बोटांचा वास घेतला. सगळी गल्ली बघत होती.

"आतनं बुळबुळीत लागतंय, आप्पा," तो अगदी हळू म्हणाला, आणि घागर त्यानं दोन्ही हातांनी परत दिली. "घासून आणा. म्या हाय इथंच."

आप्पांनी वर पाटीकडं बघितलं. ती सरळ होती. मग ते घागर काखेत मारून गल्लीतून घराकडं निघाले, आणि सात लाल भिंतींच्या मधून जाताना त्यांनी लांबूनच आवाज दिला, "राजेश्वरी, राख कुठं ठेवलीस?"